घराचे कागद : खरेदी आणि फेरगहाण यांतील काही नेहमीचे प्रश्न

निपाणी, चिकोडी व बेळगाव या टापूत घर विकत घेणाऱ्याच्या हाती जे कागद पडतात, ते एकाच राज्याचे व एकाच लिपीतील क्वचितच असतात. पणजोबांचे खरेदीखत मोडीत, आजोबांचे मुंबई राज्याच्या अमदानीतील मराठीत, आणि दिनांक १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग म्हैसूर राज्यात गेल्यानंतरच्या नोंदी कानडीत, अशी ही मालिका असते. राज्याच्या नावात १९७३ साली व शहराच्या नावात २०१४ साली जे बदल झाले, त्यांचीही भर तीत पडली आहे. राज्य बदलले म्हणून कोणाचा मालकीहक्क बुडाला नाही. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा व १९०८ चा नोंदणी कायदा हे सीमेच्या दोन्ही बाजूंस लागू आहेत. तथापि मुद्रांक, जमीन महसूल व नगरमापन यांचे नियम ज्या त्या राज्याचे असल्यामुळे कागद वाचताना तो कोणत्या काळातील आहे हे प्रथम पाहावे लागते.

आमच्या व्यापारी बंधूंकडून वरचेवर विचारला जाणारा पहिला प्रश्न असा की, उतारा विक्रेत्याच्या नावावर आहे, मग आणखी काय हवे? याचे उत्तर असे की, उतारा, सिटी सर्व्हेचे मालमत्तापत्रक अथवा नगरपालिकेचा खाता ही कर व महसूल यांसाठी ठेवलेली दप्तरे आहेत. अशा नोंदीने मालकी उत्पन्न होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची मालकी विक्रीने द्यावयाची, तर नोंदलेले खरेदीखतच लागते. साठेखत म्हणजे खरेदी नव्हे. मुखत्यारपत्र, साठेखत व मृत्युपत्र असे तीन कागद एकत्र बांधून घर 'विकण्याचा' प्रघात अनेक ठिकाणी पडला होता. २०११ साली सूरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यास खरेदीचे स्थान नाकारले. शहराच्या कडेला बाँडपेपरवर गुंठ्या-गुंठ्याने घेतलेल्या जागांची गतही याहून निराळी नाही. जागा स्वस्त का मिळते याचे कारण पुष्कळदा त्या बाँडमध्येच असते.

सब-रजिस्ट्रार कचेरीतून मिळणारा बोजाचा दाखला, ज्यास सर्वत्र ई. सी. म्हणतात, तो अवश्य घ्यावा. नोंदलेले व्यवहार असल्यास तो नमुना १५ मध्ये व काहीच नसल्यास नमुना १६ मध्ये मिळतो. परंतु त्यावर विसंबून निर्धास्त होऊ नये. त्यात नोंदलेले दस्तच दिसतात; तोंडी वाटणी, न्यायालयातील दावा, पतपेढीकडे नुसते ठेवलेले मूळ कागद ही त्यात उमटतीलच असे नाही. संगणकपूर्व काळातील नोंदींसाठी कचेरीत निराळा अर्ज करून जुनी पुस्तके पाहून घ्यावी लागतात. मोडी वाचणारा मनुष्य हुडकण्याचा कंटाळा केला, तर नेमका महत्त्वाचा कागद न वाचताच राहतो.

कारण जुन्या कागदांत खरे धोके असतात. पूर्वी सावकारीत नजरगहाण, ताबेगहाण व मुदतखरेदी असे तीन प्रकार सर्रास चालत. वरवर पाहता मुदतखरेदीचा कागद खरेदीचाच दिसतो. पण अमुक मुदतीत रक्कम परत दिल्यास घर परत द्यावे, ही अट त्याच दस्तात असेल, तर न्यायालय ते गहाण मानू शकते. (अट निराळ्या कागदात असल्यास १९२९ च्या दुरुस्तीप्रमाणे त्यास गहाण म्हणता येत नाही.) ताबेगहाणाची गोष्ट अधिक नाजूक आहे. अशा गहाणात मुदतीची गणना गहाणाच्या तारखेपासून होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला. म्हणजे साठ-सत्तर वर्षे ताब्यात असलेले घर आपलेच, असे समजणाऱ्या कुटुंबापुढे मूळ मालकाचे नातू रक्कम घेऊन उभे राहू शकतात. असे घर विकत घेणाऱ्याने गहाण सुटल्याचा वा पुढे पक्की खरेदी झाल्याचा नोंदलेला दस्त मागावा.

यापुढचा प्रश्न घरातल्या माणसांचा. पेढी थोरल्या भावाच्या नावावर आहे, तोच सही करील, एवढ्यावर अनेक व्यवहार होतात. १९५६ चा हिंदू वारसा कायदा जैन कुटुंबांनाही लागू आहे. सहदायादीत मुलींना हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांनी १९९४ साली केली होती; पण ती कायदा अमलात येण्यापूर्वी विवाह झालेल्या मुलींना लागू नव्हती. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद गेला, आणि दिनांक ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा खटल्यातील निर्णयानुसार त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असणेही आवश्यक राहिले नाही. इचलकरंजीस वा सांगलीस दिलेल्या बहिणीची सही 'नंतर घेऊ' म्हणून ठेवणे हे म्हणूनच धोक्याचे आहे. तिचे हक्कसोडपत्र तिच्या पूर्ण संमतीने व्हावे आणि ते नोंदलेले असावे. बहिणीस अंधारात ठेवून केलेल्या व्यवहारास आम्ही चातुर्य म्हणणार नाही. अज्ञान मुलाच्या स्वतंत्र मालकीचे स्थावर असल्यास पालकास न्यायालयाच्या परवानगीवाचून ते विकता येत नाही.

आता फेरगहाणाकडे वळू. व्याज कमी पडते म्हणून एका बँकेचे कर्ज दुसरीकडे वर्ग करणे, किंवा हंगामासाठी घरावर वाढीव रक्कम उचलणे, हे आमच्या लोकांस नवे नाही. अडचण येते ती मूळ कागदांची. मूळ खरेदीखते बँकेत ठेवली म्हणजेही कायद्याने गहाण उत्पन्न होते. अशी गहाणे बँकांनी व वित्तसंस्थांनी नोंदवावीत म्हणून २०११ साली केंद्रीय नोंदपट सुरू झाला असून त्यास सेरसाई म्हणतात. विकत घेणाऱ्यानेही तेथे शोध घ्यावा. कर्ज फिटल्यावर ही नोंद उठविली गेली की नाही, हे पाहण्याचे पुष्कळदा राहून जाते.

रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या आदेशान्वये संपूर्ण कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत मिळाले पाहिजेत. संस्थेच्या दोषाने विलंब झाल्यास दर दिवसास ५,००० रुपये भरपाई आहे. परंतु हा आदेश गृहकर्ज धरून वैयक्तिक कर्जांपुरता आहे. तेच घर पेढीच्या कॅश क्रेडिटलाही तारण असेल, तर गृहकर्ज संपले तरी कागद सुटत नाहीत. तारणाच्या करारात 'सर्व देण्यांसाठी' असे शब्द आहेत काय, हे सही करण्यापूर्वीच पाहावे. मित्राच्या कर्जास आपण दिलेली जामीनकीही त्या शब्दांत बसू शकते. आपल्या भागातील पतसंस्था व सौहार्द सहकारी संस्था रिझर्व्ह बँकेच्या या आदेशाखाली येत नाहीत. तेथे कर्ज घेताना, दिलेल्या प्रत्येक कागदाची तारीखवार यादी दोन प्रतींत करून एकीवर संस्थेचा शिक्का व सही घ्यावी, आणि ती घरच्या तिजोरीत ठेवावी.