सिडनी पॉइटिए : एकट्याच्या खांद्यावरचे ओझे

एखाद्या नटाची कारकीर्द सांगताना त्याने केलेल्या भूमिकांची यादी देण्याची पद्धत आहे. सिडनी पॉइटिए या अमेरिकन नटाविषयी लिहिताना मात्र त्याने नाकारलेल्या एका भूमिकेपासून सुरुवात केलेली बरी.

१९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली ही हकीकत आहे. सिडनी तेव्हा न्यूयॉर्कमध्ये राहत होता. हाताला काम नव्हते. पत्नी दुसऱ्यांदा बाळंत व्हायची होती आणि इस्पितळाचे बिल भरण्याइतकेही पैसे घरात नव्हते. अशा वेळी एका चित्रपटातली भूमिका त्याच्याकडे चालून आली. आठवड्याला ७५० डॉलर्स मिळणार होते. भूमिका होती झाडलोट करणाऱ्या एका कृष्णवर्णीय नोकराची. या नोकराला एका गुन्ह्याची माहिती असते. त्याने तोंड उघडू नये म्हणून गुंड त्याच्या लहान मुलीला ठार मारतात आणि तिचे प्रेत त्याच्या अंगणात आणून टाकतात. तरीही तो बाप गप्पच राहतो. सिडनीने ही भूमिका नाकारली. मार्टी बॉम या एजंटाला नकाराचे कारण कळेना. कारण भूमिकेत कृष्णवर्णीयांची टिंगल नव्हती की अपशब्द नव्हते. सिडनीचे उत्तर साधे होते. माझे वडील असे कधीच वागले नसते, आणि म्हणून मला असा बाप रंगवता येणार नाही. त्यानंतर त्याने घरातले सामान गहाण टाकून ७५ डॉलर्स उभे केले आणि बाळंतपणाचा खर्च भागवला. अशा विक्षिप्त माणसाचे काम आपण पाहिलेच पाहिजे, असे त्या एजंटाला वाटले. पुढे कितीतरी वर्षे तोच सिडनीचा एजंट होता.

ज्यांच्या नावाने ही भूमिका नाकारली गेली, ते वडील म्हणजे रेजिनाल्ड पॉइटिए. बहामा बेटांतील कॅट आयलंड या बेटावर ते टोमॅटोची शेती करीत. माल विकण्यासाठी समुद्र ओलांडून अमेरिकेतल्या मायामी शहरी जावे लागे. अशाच एका फेरीत, २० फेब्रुवारी १९२७ रोजी, सिडनीचा जन्म दिवस भरण्यापूर्वीच झाला. मूल इतके अशक्त होते की, ते जगेल अशी आशा कोणाला नव्हती. वडिलांनी त्याला पुरण्यासाठी बुटांचे खोकेसुद्धा आणून ठेवले होते, असे सिडनीने पुढे आत्मकथनात सांगितले आहे. परंतु आईने हाय खाल्ली नाही आणि मूल जगले. सात भावंडांतले हे शेंडेफळ. मायामीत जन्म झाल्यामुळे मात्र त्याला आपोआप अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले.

कॅट आयलंडवर वीज नव्हती, मोटारी नव्हत्या. बेटावरचे जवळजवळ सर्व लोक कृष्णवर्णीयच होते. त्यामुळे रंगावरून आपण कोणापेक्षा कमी ठरतो, ही कल्पनाच त्या मुलाच्या मनात रुजली नाही. पुढे फ्लोरिडाने बहामातल्या टोमॅटोला बंदी केली, शेती बसली, आणि हे कुटुंब नासाऊ या राजधानीच्या गावी आले. सिडनीची शाळा जेमतेम दोन वर्षांची. पंधराव्या वर्षी त्याला थोरल्या भावाकडे मायामीला धाडण्यात आले. तेथे तो दुकानातला माल घरोघर पोहोचवण्याचे काम करी. एकदा एका गोऱ्या बाईच्या घरी तो पुढच्या दाराने गेला. तिने त्याला मागच्या दाराने यायला फर्मावले. दार तर समोरच उघडे आहे, मग मागे कशाला जायचे, हे त्याला उमजेना. त्याने पुडके पायरीवर ठेवले आणि तो निघून आला. थोड्याच दिवसांत कू क्लक्स क्लान या गोऱ्यांच्या दहशतवादी संघटनेची माणसे त्याचा शोध घेत भावाच्या घरी येऊन गेली. जगाची रीत अशी आहे, हे त्याला तेव्हा कळले. पण ती मान्य करण्याचे वय निघून गेले होते.

सोळाव्या वर्षी तो न्यूयॉर्कला आला आणि हॉटेलांत बशा विसळू लागला. काही काळ सैन्यात काढून पुन्हा तेच काम. एके दिवशी वर्तमानपत्रात नोकरीच्या जाहिराती पाहताना नट पाहिजेत अशी एक जाहिरात त्याला दिसली. ती हार्लेम वस्तीतल्या ‘अमेरिकन निग्रो थिएटर’ची होती. तो गेला. हातात दिलेली संहिता त्याला अडखळत अडखळतच वाचता आली, आणि उच्चार तर ठेट बहामाचे. परीक्षकाने त्याला अर्ध्यावरच थांबवले आणि उगीच वेळ न दवडता बशा विसळायला जा, असे सुनावून दाराबाहेर काढले. सिडनीला धक्का बसला तो अपमानाचा नव्हे. आपण बशा विसळतो, हे तर त्या माणसाला ठाऊकच नव्हते. म्हणजे आपल्याकडे पाहताच लोकांना तेवढेच दिसते की काय? याच प्रश्नातून नट व्हायचेच, असा हट्ट त्याने धरला.

मग त्याने एक रेडिओ विकत घेतला आणि निवेदकांमागोमाग तेच शब्द त्याच उच्चारांत म्हणायचा सराव कित्येक महिने केला. वाचनाचे काम याहून अवघड होते. तो काम करीत असलेल्या हॉटेलात एक वयस्कर ज्यू वेटर होता. रात्री गिऱ्हाइके गेल्यावर सिडनी कोपऱ्यात वर्तमानपत्र घेऊन बसतो, हे त्याने पाहिले होते. त्याने आपण होऊन मदत करू केली. पुढे रोज रात्री काम आटोपल्यावर तो सिडनीजवळ बसे. अडलेल्या शब्दांचा अर्थ सांगे, स्वल्पविराम कशासाठी असतो ते समजावी. हा क्रम काही आठवडे चालला. त्या वेटरचे नाव आज कोणाला ठाऊक नाही. सिडनी मोठा नट झाला तेव्हा त्याने त्याला शोधले, पण तो सापडला नाही. ही रुखरुख त्याने म्हातारपणीही बोलून दाखवली.

पुन्हा तो त्याच नाट्यसंस्थेत गेला, आणि शिकवणीच्या बदल्यात झाडलोट करण्याची तयारी दाखवून तेथे राहिला. एका नाटकात हॅरी बेलाफॉन्टे या नटाचा तो बदली नट होता. एका संध्याकाळी बेलाफॉन्टे येऊ शकला नाही, आणि त्याच संध्याकाळी एक दिग्दर्शक प्रेक्षकांत होता. त्यातून १९४६ साली ब्रॉडवेच्या रंगभूमीवरचे दार उघडले. पुढे हेच दोघे आयुष्यभराचे मित्र झाले.

सिडनीच्या आधी हॉलिवूडमध्ये कृष्णवर्णीय नट नव्हते असे नाही. पण त्यांच्या वाट्याला येत त्या बहुधा नोकराच्या, दाईच्या नाही तर भित्र्या विदूषकाच्या भूमिका. हॅटी मॅकडॅनियल या गुणी अभिनेत्रीला दाईच्या भूमिकेबद्दल १९४० साली ऑस्कर मिळाले; पण त्या समारंभात तिला बसायला इतरांपासून वेगळे टेबल देण्यात आले होते. या पार्श्वभूमीवर १९५० साली ‘नो वे आउट’ या चित्रपटात सिडनी डॉक्टर म्हणून पडद्यावर आला. पांढरा कोट घातलेला कृष्णवर्णीय डॉक्टर एका वर्णद्वेष्ट्या गोऱ्या गुन्हेगारावर उपचार करतो, हे दृश्यच नवे होते. पुढचा चित्रपट ‘क्राय, द बिलव्हेड कंट्री’ दक्षिण आफ्रिकेत चित्रित झाला. तेथील कायद्यामुळे त्याला व कॅनडा ली या ज्येष्ठ नटाला दिग्दर्शकाचे करारबद्ध मजूर अशी कागदोपत्री नोंद करून त्या देशात जावे लागले. ‘ब्लॅकबोर्ड जंगल’च्या (१९५५) वेळी डाव्या विचारांचे गायक-नट पॉल रोबसन आणि कॅनडा ली यांच्याशी आपला संबंध नाही, अशा अर्थाच्या कागदावर सही करण्याचा आग्रह त्याला झाला. त्याने सही केली नाही.

‘द डिफायंट वन्स’ (१९५८) हा चित्रपट त्याच्या कारकिर्दीतला पेच समजून घेण्यासाठी महत्त्वाचा आहे. एकाच बेडीने जखडलेले दोन कैदी, एक गोरा आणि एक कृष्णवर्णीय, पळून जातात. आरंभी ते एकमेकांचा द्वेष करतात. शेवटी बेडी तुटलेली असते, कृष्णवर्णीय कैद्याने धावती आगगाडी पकडलेली असते; परंतु गोरा साथीदार मागे पडतो असे पाहून तो गाडीतून खाली उडी घेतो. जेम्स बॉल्डविन या लेखकाने नोंदवले आहे की, गोऱ्या वस्तीतल्या थिएटरात या दृश्याला टाळ्या पडल्या, आणि हार्लेममधल्या थिएटरात प्रेक्षक चिडून त्याला गाडीत परत चढायला ओरडून सांगू लागले. एकच उडी, पण गोऱ्या प्रेक्षकांना तीत क्षमा दिसली आणि कृष्णवर्णीयांना मूर्खपणा. या भूमिकेसाठी प्रमुख नटाच्या ऑस्करकरिता सिडनीचे नामांकन झाले. असे नामांकन मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय पुरुष. ते पारितोषिक प्रत्यक्ष हाती आले १३ एप्रिल १९६४ रोजी, ‘लिलीज ऑफ द फील्ड’ या अगदी थोड्या खर्चात केलेल्या चित्रपटाबद्दल. त्यात तो वाळवंटातल्या जर्मन जोगिणींना प्रार्थनामंदिर बांधून देणाऱ्या भटक्या कामगाराची भूमिका करतो.

पारितोषिक मिळाल्यावर तो बंगल्यात स्वस्थ बसला नाही. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांची मतदार-नोंदणी करणारे तरुण कार्यकर्ते पैशांवाचून अडले होते. बेलाफॉन्टे आणि सिडनी ७०,००० डॉलर्स रोख घेऊन ग्रीनवूड या गावी गेले. विमानतळावरून गावात जाताना क्लानच्या लोकांनी गाडीने त्यांचा पाठलाग केला, त्यांच्या मोटारीला धडका दिल्या. पैसे पोहोचले, पण ती रात्र सिडनी विसरला नाही. ‘इन द हीट ऑफ द नाइट’ या चित्रपटाची कथा मिसिसिपीत घडत असूनही त्याचे बहुतेक चित्रीकरण उत्तरेकडील इलिनॉय राज्यात झाले, याचे कारण दक्षिणेत काम करायला सिडनीने दिलेला नकार.

१९६७ हे साल त्याच्या यशाचे शिखर होय. त्या एका वर्षात त्याचे तीन चित्रपट आले. ‘टू सर, विथ लव्ह’मध्ये तो लंडनमधल्या गरीब वस्तीतला शिक्षक आहे. ‘इन द हीट ऑफ द नाइट’मध्ये तो फिलाडेल्फियाचा पोलीस अधिकारी आहे, एक गोरा मळेवाला त्याच्या थोबाडीत मारतो आणि तो क्षणाचाही विलंब न लावता उलट थोबाडीत देतो. अमेरिकन पडद्यावर एका गोऱ्या धनिकाला असे उत्तर मिळालेले प्रेक्षकांनी क्वचितच पाहिले असेल. ‘गेस हूज कमिंग टू डिनर’मध्ये तो गोऱ्या मुलीशी लग्न करू पाहणारा डॉक्टर आहे. चित्रपट तयार होत होता तेव्हा अमेरिकेतल्या सोळा-सतरा राज्यांत असे लग्न हा गुन्हा होता. १२ जून १९६७ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे रद्द ठरवले, आणि डिसेंबरात चित्रपट प्रदर्शित झाला. पुढच्या वर्षी, १९६८ साली, थिएटरमालकांच्या वार्षिक पाहणीत सर्वांत जास्त गल्ला जमवणारा नट म्हणून सिडनीचे नाव पहिले आले.

आणि नेमक्या याच वेळी त्याच्यावर टीका सुरू झाली. १९६७ च्या सप्टेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये क्लिफर्ड मेसन या कृष्णवर्णीय नाटककाराने विचारले की, गोऱ्या अमेरिकेला सिडनी इतका का आवडतो? मेसनच्या टीकेचा आशय असा, की सिडनीचा नायक नेहमी सद्गुणी, निर्मळ, गोऱ्यांच्या अडचणी सोडवणारा. त्याला स्वतःच्या घरादाराचे प्रश्न नाहीत. ही टीका सिडनीच्या जिव्हारी लागली.

टीका खोटी होती असे मला वाटत नाही. ‘गेस हूज कमिंग टू डिनर’मधला डॉक्टर इतका थोर आहे की, मुलीच्या आईबापांना त्याच्या रंगाखेरीज नाव ठेवायला जागाच उरत नाही. मुद्दा असा की, हा दोष नटाचा म्हणायचा की परिस्थितीचा? शेकडो गोरे नट पडद्यावर होते. त्यांतला एक चोर, एक भित्रा, एक लबाड निघाला म्हणून कोणी गोऱ्या जातीला नावे ठेवीत नव्हते. सिडनी एकटा होता. त्याने लबाडाची भूमिका केली असती तर सगळे कृष्णवर्णीय लबाड ठरले असते. घरातून पहिलाच मुलगा कॉलेजात आला की त्याचे नापास होणे त्याच्या एकट्याचे राहत नाही. साऱ्या घराने, कधी कधी साऱ्या वस्तीने शिकूच नये असे म्हणणाऱ्यांना त्यातून पुरावा मिळतो. दुसरा, तिसरा, दहावा मुलगा आला म्हणजे मग कोठे एखाद्याला सामान्य असण्याची मोकळीक मिळते. सिडनीला ती मोकळीक कधीच मिळाली नाही. त्याचे नायक निर्दोष आहेत, कारण त्यांना चुकण्याची परवानगी नव्हती.

या टीकेला त्याने लेख लिहून नव्हे, कामाने उत्तर दिले. १९७२ साली ‘बक अँड द प्रीचर’पासून तो दिग्दर्शक झाला. ‘अपटाउन सॅटर्डे नाइट’ (१९७४) आणि त्यानंतरच्या विनोदी चित्रपटांत त्याने कृष्णवर्णीय नटांची फौजच उभी केली. त्यांत बेरकी, भोळी, फजीत होणारी, पोट धरून हसवणारी माणसे होती, आणि ती सारी कृष्णवर्णीय होती. १९८० सालच्या ‘स्टर क्रेझी’ने तर दहा कोटी डॉलर्सहून अधिक गल्ला जमवला. उतारवयात त्याने दूरदर्शनपटांतून थरगुड मार्शल (१९९१) आणि नेल्सन मंडेला (१९९७) यांच्या भूमिका केल्या. १९९७ ते २००७ या काळात तो जपानमध्ये बहामाचा राजदूत होता. बापाच्या टोमॅटोला दार बंद झाले म्हणून ज्या बेटावरून निघावे लागले, त्याच देशाचे प्रतिनिधित्व त्याने केले. ६ जानेवारी २०२२ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी, लॉस एंजेलिस येथे त्याचे निधन झाले.

त्याच्या आयुष्याचा हिशेब मांडायचा तर २००२ सालच्या ऑस्कर समारंभाकडे पाहावे. त्या रात्री सिडनीला जीवनकार्याबद्दल सन्मानदर्शक ऑस्कर देण्यात आले. त्याच रात्री डेन्झेल वॉशिंग्टन प्रमुख नट ठरला; १९६४ नंतर ३८ वर्षांनी हा मान मिळवणारा तो दुसरा कृष्णवर्णीय पुरुष. प्रमुख अभिनेत्रीचे पारितोषिक मिळालेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री, हॅली बेरी, हीदेखील त्याच रात्रीची. वर्तमानपत्रांनी या योगायोगाचे कौतुक केले. मला त्याहून मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. वॉशिंग्टनला पारितोषिक मिळाले ते ‘ट्रेनिंग डे’ या चित्रपटातील एका भ्रष्ट, क्रूर, खुनशी पोलिसाच्या भूमिकेबद्दल. ती पाहून साऱ्या कृष्णवर्णीयांना कोणी भ्रष्ट म्हटले नाही. नटाने काम मोठे केले, एवढेच म्हटले. अशी भूमिका सिडनीला १९६४ साली करता आली नसती. ती दुसऱ्या कोणाला निर्धास्तपणे करता यावी, यासाठी त्याने जन्मभर सद्गुणांचे ओझे वाहिले.