गर्दी मोजणारे सॉफ्टवेअर नेमके बसते कुठे? समजून घ्या ‘डिप्लॉयमेंट डायग्राम’

नाशिक : २००३ च्या सिंहस्थात शाही स्नानाच्या दिवशी झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला. २०१५ च्या कुंभमेळ्यात ‘कुंभथॉन’ उपक्रमातून पुढे आलेली ‘अशिओटो’ ही पावले मोजणारी चटई वापरली गेली. चटईवर पाय पडला की नोंद होते आणि आकडे इंटरनेटवरून पुढे जातात. अशी यंत्रणा ऐन पर्वणीत अडली, तर आधी धावायचे कुठे? याचे उत्तर डिप्लॉयमेंट डायग्राममध्ये मिळते.

यात काय दाखवतात?
• नोड : घनाकृती ठोकळा. सर्व्हर, मोबाइल किंवा चटईजवळचे उपकरण.
• आर्टिफॅक्ट : नोडवर बसवलेली प्रत्यक्ष फाइल.
• रेष : दोन नोडमधील संपर्कमार्ग.

मग कंपोनंट कुठे?
गोंधळ इथेच होतो. ‘गर्दीची मोजणी’ हा कंपोनंट, म्हणजे सॉफ्टवेअरचा एक कार्यभाग. सर्व्हरवर ठेवली जाते ती त्याची फाइल. यूएमएलच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत कंपोनंट थेट नोडमध्ये काढत. २००५ च्या यूएमएल २.० पासून नोडवर आर्टिफॅक्ट बसते. ‘मॅनिफेस्ट’ लिहिलेला तुटक बाण आर्टिफॅक्टकडून कंपोनंटकडे जातो.

फायदा काय?
समजा, मोजणीचा कंपोनंट रामकुंडाजवळच्या उपकरणात आणि सर्व्हरवरही आहे. आकृतीत दोन्ही फाइल वेगळ्या दिसतात, त्यामुळे एक बदलताना दुसरी राहून जात नाही. सगळा भार एकाच सर्व्हरवर असेल, तर तेही कागदावरच कळते. २०२७ च्या सिंहस्थासाठी यंत्रणा उभारताना ही तपासणी पर्वणीआधीच झालेली बरी.