सोनोग्राफीतले बुडबुडे

सोनोग्राफीच्या कागदावर 'यकृतात गाठ' असे लिहून आले की घरात चूल पेटत नाही. गाठ म्हणजे कर्करोगच, हे समीकरण कोणी मांडून ठेवले कोण जाणे! खरे तर तपासणी केलेली असते पित्ताच्या खड्यासाठी, आणि गाठ सापडते सहज जाता जाता. अशा गाठींपैकी पुष्कळशा निरुपद्रवी निघतात. सर्वांत नेहमी आढळणारी गाठ म्हणजे रक्तवाहिन्यांचा गुंता. आम्ही त्याला हिमँजिओमा म्हणतो. तो बहुधा जन्मभर काही त्रास न देता पडून राहतो. अडचण एवढीच की साध्या सोनोग्राफीत साधी गाठ आणि वाईट गाठ कधी कधी सारखीच दिसते.

मग नेहमीचा रस्ता सीटी स्कॅनचा. त्यात शिरेतून आयोडीनयुक्त औषध देतात आणि ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. ज्यांचे क्रिएटिनिन वाढलेले आहे त्यांच्याबाबत डॉक्टरला दहादा विचार करावा लागतो. जुने मधुमेही त्यात येतात. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे सिकलसेलने मूत्रपिंड दुबळे झालेले रुग्णही येतात.

अशा वेळी मोठ्या रुग्णालयातील क्ष-किरण विभागात एक वेगळी सोनोग्राफी करता येते. हाताच्या शिरेतून सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचे बुडबुडे सोडतात. बुडबुडे म्हटल्यावर घाबरू नका. ते सरासरी अडीच मायक्रॉनचे, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशीहूनही लहान असतात. औषधाची नेहमीची मात्रा २.४ मिलिलिटर, अर्धा चमचाही नाही. ध्वनिलहरी आदळल्या की हे बुडबुडे आकुंचन-प्रसरण पावतात आणि रक्त कुठे कसे फिरते ते पडद्यावर उजळून दिसते. हिमँजिओमा कडेकडून आत हळूहळू भरत जातो आणि भरलेला राहतो. कर्करोगाची गाठ बहुधा झटकन भरते व नंतर रिकामी होते. पाच-सहा मिनिटांत हे सारे डोळ्यांदेखत घडते. वायू श्वासावाटे निघून जातो, त्यामुळे मूत्रपिंडावर भार नाही आणि क्ष-किरणही नाहीत.

बुडबुड्यांची ही करामत ग्रॅमियाक आणि शहा या डॉक्टरांनी १९६८ मध्ये हृदयाच्या तपासणीत नोंदवली. यकृताच्या गाठींसाठी अमेरिकेने या औषधाला २०१६ मध्ये मान्यता दिली. युरोपात ते त्याआधीच वापरात होते.

मर्यादाही सांगायला हव्यात. पोट सुटलेले असेल, गाठ खोल असेल, आतड्यात वायू असेल तर नीट दिसत नाही. एका वेळी एकाच गाठीकडे लक्ष देता येते. रोग कुठवर पसरला हे पाहायला सीटी लागतोच. गंभीर ॲलर्जी क्वचितच होते, पण होऊ शकते. आणि आपल्या भागासाठी महत्त्वाचे म्हणजे अशा औषधांनंतर सिकलसेलच्या रुग्णांना तीव्र वेदना झाल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा घरात कोणाला सिकलसेल असेल तर सुई टोचण्यापूर्वीच सांगा. कोणी विचारण्याची वाट पाहू नका.

ही सोय प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात नसते. यंत्रात तशी खास व्यवस्था लागते आणि औषधही मागवावे लागते. म्हणून नागभीडहून नागपूरची गाडी धरण्याआधी फोन करून विचारा. जाताना जुनी सोनोग्राफी, क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट, काविळीच्या 'ब' आणि 'क' विषाणूंची तपासणी झाली असल्यास तिचा कागद आणि सिकलसेलचे कार्ड एकाच पिशवीत घ्या.