४,२९,४९,६७,२९७ ही मूळ संख्या आहे का?
२ च्या १, २, ४, ८ आणि १६ व्या घातांत १ मिळवला की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ येतात. सगळ्या मूळ संख्या! म्हणून ३२ व्या घातातून येणारी ४,२९,४९,६७,२९७ हीसुद्धा मूळच, असे सतराव्या शतकात फ्रान्सच्या फर्माने मानले. १७३२ मध्ये ऑयलरने ती फोडली: ६४१ × ६७,००,४१७. या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असतो, आणि मला खरे सौंदर्य इथेच दिसते. शोध केवढा आटोपतो! १९३, २५७, ४४९, ५७७ वापरून भागले तर बाकी उरते. पाचवी ६४१, तिने नि:शेष भाग जातो. कागदावर करून पाहाच. ६५,५३७ च्या पुढे या प्रकारची एकही मूळ संख्या अजून सापडलेली नाही.