भाकरी आणि आत्मा

'आत्मा' हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी पुष्कळांची मुद्रा आपोआप गंभीर होते. हा विषय आपला नव्हे. तो शास्त्रीपंडितांचा, संन्याशांचा, फार तर पेन्शनीत निघालेल्या मंडळींचा, असे आपण मनाशी ठरवून टाकतो. आधी संसार, मुलांची शिक्षणे, घराचे कर्ज. आत्म्याचे पुढे सवडीने पाहू, असा आपला व्यवहारी हिशेब असतो. गंमत अशी, की आपली भाषा हा हिशेब मानीत नाही. उन्हातून आलेला माणूस माठातले पाणी पितो आणि 'आत्मा थंड झाला' म्हणतो. गरम पिठलेभाकरी पोटात गेली की 'आत्मा तृप्त झाला' म्हणतो. कोणी 'जीव ओतून' काम करतो, कोणी परक्याच्या मुलाला 'जीव लावतो'. मराठी बोलणाऱ्या सामान्य माणसाने आत्म्याला अरण्यात पाठविलेले नाही. त्याला माठाजवळ आणि चुलीजवळच बसवून ठेवले आहे. म्हणून या विषयाचा विचार चुलीपासूनच सुरू करणे मला योग्य वाटते.

प्रथम शब्दाचा अर्थ ठरवून घेऊ. देहापलीकडे काही अविनाशी तत्त्व आहे की नाही, ते एक की अनेक, हा वाद मोठा आहे आणि फार जुना आहे. अद्वैती एक उत्तर देतील, द्वैती दुसरे देतील, आणि जडवादी तो प्रश्नच निकालात काढतील. त्या वादात मी शिरत नाही. मी येथे आत्मा हा शब्द एका साध्या अनुभवापुरता वापरतो. पोट भरल्यावरही माणसाच्या ठिकाणी जे उपाशी राहू शकते, तो आत्मा. गुराला चारा, पाणी आणि सावली मिळाली की ते निवांत रवंथ करीत बसते. माणसाचे तसे नाही. अन्न मिळाले तरी ते कसे मिळाले, कोणी कसे वाढले, त्याच्या मोबदल्यात आपण काही दिले की नाही, याची चौकशी त्याच्या आत कोणीतरी करीत असते. वाढणाऱ्याने ताट आदळून ठेवले, तर भुकेला माणूससुद्धा पाटावरून उठून जातो. देह म्हणतो 'बस', आणि दुसरे कोणीतरी म्हणते 'ऊठ'. आत्म्याला भाकरी लागत नाही हे खरे. पण भाकरी देण्याघेण्याच्या रीतीशी त्याचा अगदी जवळचा संबंध आहे.

आपल्या संतांनी ही गोष्ट ओळखली होती. सावता महाराज अरणचे माळी, गोरोबाकाका तेरचे कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी, आणि जनाबाई तर नामदेवांच्या घरची दासी. यांपैकी कोणीही देव भेटावा म्हणून आपला धंदा सोडला नाही. सावतोबा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, तेव्हा विठ्ठलच अरणला आला, अशी कथा आहे. आणि पांडुरंगाची पालखी दरवर्षी पंढरपुराहून अरणला जाते, अशी परंपरा आहे. देवाने भक्ताच्या कामाच्या जागी जावयाचे, ही कल्पना साधी नव्हे. मोट, चाक, जाते, तराजू यांच्याजवळ आत्म्याचे ठाणे असू शकते, असा तिचा अर्थ आहे.

परंतु येथेच एक धोका आहे, आणि तो स्पष्ट सांगितला पाहिजे. श्रमाची स्तुती करणे फार सोपे असते. विशेषतः दुसऱ्याच्या श्रमाची. चोखोबांचेच उदाहरण घ्या. त्यांची वाणी महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. पण चोखोबांना मात्र देवळाच्या पायरीपुढे जाता आले नाही. मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या कामावर असता भिंत कोसळली आणि इतर मजुरांबरोबर ते तिच्याखाली गेले, असे परंपरा सांगते. त्यांची समाधी पंढरपुरास महाद्वारासमोर आहे. शतकानुशतके वारकरी तिच्यापुढे माथा टेकीत राहिले, आणि चोखोबांच्या जातीची जिवंत माणसे मात्र बाहेरच उभी राहिली. हे दार उघडावे म्हणून साने गुरुजींना १ मे १९४७ रोजी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभावे लागले, तेव्हा कोठे ते मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले झाले. आत्मा सर्वांभूती एक आहे हे आपण कीर्तनात ऐकत होतोच. ते उंबरठ्यावर सिद्ध करावयाची वेळ आली, तेव्हा एका शिक्षकाला प्राण पणाला लावावे लागले.

तेव्हा आत्म्याचे दैनंदिन जीवनातील स्थान शोधताना 'माझ्या आत्म्याचे काय?' हा प्रश्न अर्धाच आहे. 'माझ्या वागण्याने समोरच्याच्या आत्म्याचे काय होते?' हा त्याचा उरलेला अर्धा भाग. हे दोन्ही भाग एकत्र कसे येतात, ते वरोऱ्याच्या एका प्रसंगावरून फार चांगले कळते.

मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे पुढे ज्यांना सारा देश बाबा आमटे म्हणून ओळखू लागला, ते मालगुजाराच्या घरी जन्मलेले वकील. निर्भय म्हणून त्यांची ख्याती होती; गांधीजींनी त्यांना 'अभयसाधक' म्हटले होते. वरोऱ्याच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष असता त्यांनी सफाई कामगारांबरोबर काही महिने स्वतः डोक्यावरून मैला वाहिला. अशा माणसाला एका पावसाळी संध्याकाळी वाटेच्या कडेला एक देह पडलेला दिसला. तो तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी होता. हातापायांची बोटे झडलेली, जखमांत किडे पडलेले. बाबा घाबरले आणि घरी पळाले. ही हकीकत त्यांनीच पुढे अनेकदा सांगितली आहे. घरी आल्यावर मात्र त्यांना चैन पडेना. आपण निर्भय म्हणवतो आणि एका असहाय माणसाला भितो, ही जाणीव त्यांना डाचू लागली. ते परत गेले, त्याच्यावर आडोसा केला, त्याला भरविले, त्याची शुश्रूषा केली. तुळशीराम वाचला नाही. पण बाबांच्या आयुष्याची दिशा बदलली.

कुष्ठरोग माणसाचे काय करतो, हे येथे समजून घेतले पाहिजे. या रोगाचे जंतू नॉर्वेच्या हॅन्सन या डॉक्टराने १८७३ साली शोधून काढले. ते हातापायांच्या मज्जातंतूंवर आघात करतात आणि तेथली संवेदना नाहीशी होते. तव्याचा चटका बसतो, काटा रुततो, पण कळत नाही. न कळलेली जखम चिघळते, आणि अशा जखमांनी बोटे झिजत जातात. म्हणजे या रोगात जी हानी होते, ती पुष्कळशी वेदना नसल्यामुळे होते. वेदना ही शरीराची राखणदार आहे. बाबांना त्या रात्री जी अस्वस्थता वाटली, तीही एक वेदनाच होती, आणि तीच त्यांच्या आत्म्याची राखणदार ठरली. त्या वाटेने जाऊनही ज्यांना काहीच डाचले नाही, त्यांच्या हातापायांची बोटे शाबूत होती. परंतु संवेदना कोठे हरवली होती, हे निराळे सांगावयास नको.

पुढे बाबा कलकत्त्यास जाऊन कुष्ठरोगाच्या उपचाराचे शिक्षण घेऊन आले, आणि १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन उभे राहू लागले. सहा रोगी, चौदा रुपये, एक लंगडी गाय आणि एक कुत्रा, एवढे भांडवल. साधनाताई बरोबर होत्या. विनोबांच्या हस्ते उद्‌घाटन झाले. मला या ठिकाणी महत्त्वाची वाटते ती गोष्ट पुढची आहे. बाबांनी त्या रोग्यांना केवळ औषध आणि अन्न देऊन एका जागी बसविले नाही. त्यांच्या हाती कुदळ दिली. ज्यांची बोटे गेली होती, त्यांनी विहीर खणली, जमीन लागवडीस आणली, घरे बांधली. हे क्रौर्य वाटेल. पण त्यामागे मनुष्यस्वभावाचे खोल ज्ञान होते. भीक मिळत असताना कुष्ठरोग्याचे पोट कसेबसे भरतच होते. उपाशी राहत होता तो दुसराच. आपल्यावाचून कोणाचे काही अडत नाही, ही जाणीव माणसाला रोगापेक्षा आधी मारते. विहिरीला पाणी लागले तेव्हा त्या माणसांना पाणी मिळालेच. शिवाय आपल्या हातांना अजून किंमत आहे हा प्रत्यय मिळाला. पुढे आनंदवनाच्या आवारात महाविद्यालय निघाले आणि आसपासच्या गावांतली मुले तेथे शिकावयास येऊ लागली. ज्यांना गावाने वेशीबाहेर घातले होते, त्यांनी गावाला विद्या दिली. घेणारे हात देणारे झाले.

याचा अर्थ कोणतेही कष्ट आत्म्याला पोषक असतात, असा मात्र कोणी करू नये. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ आणि २०१३ साली कायदे झाले, तरी गटारात उतरलेला कामगार गुदमरून मेल्याची बातमी अजूनही वाचावी लागते. त्या कामाला सेवा म्हणून गौरविणे ही त्याच्या मरणाची थट्टा होईल. आनंदवनातील कुदळ आणि त्याच्या हातातील खराटा यांत फरक आहे. एका ठिकाणी श्रम माणसाला माणसांत आणतात. दुसऱ्या ठिकाणी ते त्याला माणसांतून उठवतात. श्रमाची पारख या एकाच कसोटीवर केली पाहिजे.

औषधाने जे होण्यासारखे होते ते पुष्कळसे झाले आहे. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधांची एकत्रित उपचारपद्धती सुचविली, आणि कुष्ठरोग पूर्ण बरा होऊ लागला. तथापि रोग्यांना डांबून ठेवण्याची तरतूद असलेला १८९८ चा कायदा आपल्या देशात २०१६ साली रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या विवाहविषयक कायद्यांत २०१९ पर्यंत होते. रोग बरा होतो हे सिद्ध झाल्यानंतरही जवळजवळ चार दशके आपला धाक बरा झाला नाही. शरीरापेक्षा समाजाच्या बधिरपणाला जास्त दिवसांचा उपचार लागतो.

आता कोणी म्हणेल, की बाबा आमटे, साने गुरुजी ही थोर माणसे. आम्ही सामान्यांनी काय करावे? उपोषण करावे, की आनंदवन काढावे? तसे काही नाही. आपल्या घरातच पाहावे. घरात म्हातारे आईवडील असतात. त्यांना वेळेवर जेवण असते, औषध असते, स्वतंत्र खोलीही असते. मात्र निवडलेली मेथी त्यांच्या हातून काढून घेतली जाते. 'तुम्ही स्वस्थ बसा' असे सांगितले जाते. त्यांचा सल्ला कोणी विचारीत नाही. मुलांना वाटते, आपण सर्व काही केले. आणि तिकडे त्या खोलीत कोणीतरी उपाशी असते. धुणीभांडी करणाऱ्या बाईंना आपण चहा देतो, पण कप निराळा ठेवतो. चहा देहाला मिळतो; कप कोणाला लागतो, ते त्यांनाच ठाऊक. कचेरीतला शिपाई वीस वर्षे पाण्याचा पेला पुढे ठेवतो आणि त्याचे आडनाव साहेबांना माहीत नसते. घरातली गृहिणी सर्वांना गरम पोळी वाढते आणि स्वतः शेवटची, थंड झालेली खाते. तिला कोणी 'आता तू बस, मी वाढतो' म्हटले आहे काय?

या गोष्टी क्षुल्लक वाटतात. पण माणसाचा आत्मा मोठ्या प्रसंगांची वाट पाहत थांबलेला नसतो. दिवसातून दहा वेळा अशाच क्षुल्लक जागी तो सुखावतो किंवा दुखावतो, आणि दुसऱ्याचा दुखावताना आपलाही थोडा बधिर होत जातो. म्हणून अशा प्रसंगी मनाला काही टोचले तर ते टोचणे दडपून टाकू नये. ती दुर्बलता नव्हे. आत संवेदना शाबूत असल्याची ती खूण आहे. त्या टोचणीने बाबा आमटे परत फिरले. आपल्याला एवढे दूर जावयाचे नाही; बहुधा स्वयंपाकघरापर्यंत, फार तर कोपऱ्यातल्या त्या खोलीपर्यंतच जावयाचे आहे.