बिनतारी लहरींचें गंधर्वनगर

गणपतिपुळें येथील श्रीगजाननाचें देवालय पश्चिमाभिमुख आहे. देवासमोर अथांग सिंधुसागर पसरलेला असतो. त्याच अक्षांशावरून सरळ पश्चिमेकडे गेल्यास सुमारें १२०० मैलांवर जो पहिला भूभाग लागतो, तो अरबस्तानांतील ओमान देशाचा. समुद्रसपाटीपासून १०० फूट उंचीवर उभ्या राहिलेल्या मनुष्याचें क्षितिज अवघ्या १२ मैलांवर असतें. तेव्हां तो परतीर येथून दिसण्याची गोष्टच नको. परंतु डोळ्यांस जें असाध्य, तें बिनतारी लहरींस उन्हाळ्याच्या कांहीं दिवसांत साध्य होतें, आणि हौशी रेडिओचालकाच्या यंत्रांतून परतीरींचा शब्द शेजारच्या आळींतून यावा तसा स्पष्ट ऐकूं येऊं शकतो.

दूरचा शब्द ऐकूं येण्यांत नवल तें काय, असें कोणी म्हणेल. मार्कोनीनें १२ डिसेंबर १९०१ रोजीं अटलांटिक महासागरापलीकडून आलेला संदेश ऐकलाच होता. पुढील वर्षीं केनेली व हेव्हिसाइड या दोघां पंडितांनीं स्वतंत्रपणें असें अनुमान केलें कीं, उंच आकाशांत विद्युद्भारित हवेचा एक थर असून त्यावरून लहरी परावर्तित होतात. ॲपलटन यानें १९२४ सालीं प्रयोगानें तें सिद्ध केलें. परंतु लहरीची लांबी फार कमी असली म्हणजे ती हें आकाशींचें छत भेदून सहसा निघून जाते. हौशी चालकांस दिलेल्या १४४ ते १४६ मेगॅहर्ट्झच्या पट्ट्यांतील लहरी सुमारें दोन मीटर लांबीच्या. त्यांची मजल एरव्हीं क्षितिजापलीकडे फारशी जात नाहीं. मग त्या हजार मैल कशा जाव्या?

याचें कारण आकाशांत नसून समुद्राच्या पृष्ठाजवळच आहे. चैत्र-वैशाखांत समुद्रास लागलेली हवा दमट व त्या मानानें थंड असते, आणि तिच्यावर उष्ण व कोरडी हवा येऊन पसरते. दोहोंच्या सीमेवर आर्द्रता एकाएकीं घटते. त्यामुळें लहर खालच्या बाजूस वळते. हें वळण पृथ्वीच्या वक्रतेहून अधिक झालें कीं लहर वर निसटूं शकत नाहीं. सागर व कोरडी हवा यांच्यामधील नळींतून ती पुढें पुढें जात राहते. विजापूरच्या गोलघुमटांत एका बाजूस भिंतीशीं कुजबुजलेला शब्द भिंतीच्या कडेकडेनें जाऊन समोरच्या बाजूस ऐकूं येतो, हें पुष्कळांनीं अनुभविलें असेल. हा प्रकार त्याच जातीचा. पावसाळी वारे सुटले कीं हवेचे थर ढवळून निघतात, आणि ही नळी मोडते.

ही केवळ पुस्तकी उपपत्ति नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत मुंबई येथें सुमारें दीड मीटर लांबीच्या लहरींवर चालणारें रडारयंत्र होतें. त्यानें उन्हाळ्यांत अरबस्तानच्या भूमीवरून परतलेले प्रतिध्वनि टिपले. तें अंतर हजार मैलांहून अधिक होतें.

येथें एक धोकाही आहे. रडार लहरींचे झटके सोडतें, आणि प्रतिध्वनि परत येण्यास लागणाऱ्या काळावरून अंतर काढतें. समजा, सेकंदास शंभर झटके सुटत आहेत. लहरीचा वेग सेकंदास १,८६,००० मैल; १२०० मैल जाऊन परत येण्यास तिला एक शतांश सेकंदाहून अधिक काळ लागतो. तोंवर दुसरा झटका सुटलेला असतो. यंत्र जुना प्रतिध्वनि नव्या झटक्याचा समजतें, आणि ओमानचा डोंगर सुमारें २७० मैलांवर असल्याचें दाखवितें!

नौकांवरील बोलण्याच्या यंत्रांसही असेंच विघ्न येतें. एकाच वाहिनीवर दोन आवाज आले, तर त्यांतील प्रबळ आवाज दुर्बळास दाबून टाकतो. जयगडच्या खाडींतून निघालेल्या एखाद्या नौकेची क्षीण हांक परतीरींच्या प्रबळ आवाजाखालीं लोपणें असंभवनीय नाहीं. म्हणून आवाज मोठा, यावरून बोलणारा जवळ आहे असें मानूं नये.

आपल्या संस्कृत ग्रंथांत आकाशांत भासणाऱ्या नगरास गंधर्वनगर म्हटलें आहे, व तें मिथ्यत्वाचा दृष्टान्त म्हणून योजिलें जातें. येथें मात्र नगर खरें, तेथील माणूस खरा, त्याचा शब्दही खरा. मिथ्या काय तें त्याचें समीपत्व. प्रत्यक्ष प्रमाण खोटें ठरत नाहीं. त्यावरून घाईनें केलेलें अनुमान खोटें ठरतें.

घरांतील एखाद्या मुलानें यंत्राशीं बसून असा परदेशींचा आवाज ऐकला, तर वडील मंडळींनीं 'कांहींतरीच बोलतोस' म्हणून त्यास गप्प करूं नये. तसेंच चमत्कार म्हणून हातही जोडूं नयेत. दिनांक, वेळ, लहरीचा आंकडा, वारा व उकाडा यांची नोंद त्याच्याकडून करवून घ्यावी. बोलणाऱ्याचें संकेतनाम अवश्य टिपवावें; भारतांतील हौशी केंद्रांचीं संकेतनामें बहुधा 'व्हीयू' या अक्षरांनीं सुरू होतात, ओमानचीं 'ए ४' नें. स्वतः बोलावयाचें असेल तर सरकारी परीक्षा देऊन परवाना काढावा. त्यावांचून प्रक्षेपण करतां येत नाहीं. अशी वही दोन-तीन उन्हाळे निष्ठेनें लिहिली, तर कोणत्या हवेंत सिंधुसागर बोलूं लागतो, हें त्या मुलास कोणी सांगावें लागणार नाहीं.