टी.बी.च्या रोग्याचा कप वेगळा करू नका, खिडकी उघडा

आपल्या वस्त्यांमध्ये टी.बी. हा शब्द अजूनही हळू आवाजात उच्चारला जातो. घरात मुलीचे लग्न ठरायचे असेल तर रोग्याला दमा आहे असे सांगतात, गोळ्या पिठाच्या डब्यामागे ठेवतात आणि दवाखाना शक्यतो दुसऱ्या वॉर्डातला शोधतात. सामाजिक कामानिमित्त घरोघरी जाताना आम्ही हे वारंवार पाहतो. रोगाने माणूस जितका खचत नाही तितका तो या लपवाछपवीने खचतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉक या शास्त्रज्ञाने बर्लिन येथे या रोगाचे जंतू सापडल्याचे जाहीर केले. करणीने, शापाने किंवा मागील जन्मीच्या पापाने क्षय होतो, या समजुतीला त्यानंतर काही आधार उरला नाही. फुफ्फुसाचा टी.बी. झालेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो तेव्हा जंतू हवेत जातात, बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात आणि दुसऱ्याच्या श्वासावाटे आत शिरतात. ताट, कप, टॉवेल यांतून हा रोग लागत नाही. तरीही घरात पहिली गोष्ट घडते ती हीच की, रोग्याचा कप वेगळा काढला जातो. वेगळ्या कपाचा अर्थ काय असतो हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. १९२७ च्या चवदार तळ्याचा लढा मुलांना अभिमानाने सांगणाऱ्या घरात आजारी सुनेचे पाणी वेगळे ठेवले जावे, हे आम्हाला पाहवत नाही.

अशाच एका घरातील सासूबाईंनी आम्हाला विचारले, “भाऊ, दहा बाय बाराची खोली, माणसे सहा. हिला माहेरी धाडू नको तर काय करू?” प्रश्न खोटा नव्हता. पण त्याचे उत्तर आपल्याच देशात फार पूर्वी मिळालेले आहे. मद्रास येथे १९५६ साली सुरू झालेल्या संशोधन केंद्राने गरीब वस्तीतील काही रोग्यांना सॅनेटोरियममध्ये आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरीच ठेवून वर्षभर औषधे दिली. सॅनेटोरियममध्ये विश्रांती होती, आहार चांगला होता. घरी यातले फारसे काही नव्हते. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरचे रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना लागण जास्त झाली असेही आढळले नाही. म्हणजे रोग्याला घराबाहेर काढून काही साधत नाही. औषध वेळेवर पोटात गेले पाहिजे.

औषध नियमित सुरू झाल्यावर साधारणपणे दोन-तीन आठवड्यांत संसर्गाची भीती पुष्कळ कमी होते. तेवढे दिवस मात्र काटेकोर राहावे. रोग्याने तोंडाला मास्क किंवा स्वच्छ रुमाल बांधावा, खिडकीजवळ झोपावे, खिडकीवर लावलेला पत्रा किंवा पुठ्ठा काढून टाकावा. बेडका नळापाशी किंवा जिन्यात न थुंकता झाकणाच्या डब्यात फिनेल घालून त्यात थुंकावा. अंगावर दूध पाजणाऱ्या मातेने मास्क लावून बाळाला खुशाल पाजावे. रोग असल्याच्या संशयानेच बाळाला तोडण्याचा सल्ला शेजारणी देतात, तो ऐकू नये.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, बेडक्यातून रक्त, यांपैकी काही असल्यास मेडिकलमधून खोकल्याच्या बाटल्या आणत बसू नये. सरकारी वा पालिकेच्या दवाखान्यात बेडक्याची तपासणी मोफत होते. तपासणीला लाळ नको, खोल खोकून छातीतून काढलेला बेडका हवा. सकाळचा उत्तम. बाया लाजेने नुसती थुंकी देतात आणि रिपोर्ट चुकीचा निर्दोष येतो.

साध्या टी.बी.चा उपचार साधारण सहा महिन्यांचा. त्यातील एका गोळीने लघवी नारिंगी-लाल होते. ते रक्त नव्हे, घाबरू नये. त्याच गोळीमुळे कुटुंबनियोजनाच्या गोळ्यांचा भरवसा राहत नाही, हे भगिनींनी लक्षात ठेवून डॉक्टरांना दुसरा उपाय विचारावा. डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात तर लगेच दवाखाना गाठावा. दारू पूर्ण बंद.

खरा घोटाळा दुसऱ्या महिन्यानंतर होतो. खोकला थांबतो, वजन वाढते, माणूस कामावर जातो आणि गोळ्या सोडतो. हजेरीवर काम करणाऱ्याला दवाखान्याचा खाडा परवडत नाही, हे आम्ही जाणतो. पण आम्ही कारकून माणसे, हिशोब मांडून सांगतो. अर्धवट सोडलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. मग उपचार अधिक लांबतो, त्रासदायक होतो, आणि तो बिघडलेला रोग जसाच्या तसा घरच्यांना लागू शकतो.

आहारासाठी निक्षय पोषण योजनेखाली एप्रिल २०१८ पासून रोग्याच्या बँक खात्यावर दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये करण्यात आली. खासगी डॉक्टरकडे उपचार घेणाऱ्यालाही, नाव नोंदलेले असल्यास, ती लागू आहे. पासबुकाची झेरॉक्स पहिल्याच खेपेला न्यावी. पैसे न आल्यास गप्प न बसता विचारणा करावी. अर्ज लिहिता येत नसेल तर वस्तीतील शिकलेल्या मुलांनी लिहून द्यावा.

रोग्याची नोंद झाली की घरातील सर्वांची तपासणी करून घ्यावी. लहान मुलांची आधी. रोग नसला तरी डॉक्टर मुलांना प्रतिबंधक गोळ्या देतात. त्या “पोराला तर काहीच नाही” म्हणून ताकात ठेवून विसरू नयेत.